वाचक विचारतात : शाळेतील गुणगौरव आणि येत्या वर्षाचे कार्यक्रम

शाळांमधील गुणगौरव समारंभ आणि नव्या शैक्षणिक वर्षातील कार्यक्रमांचे नियोजन या विषयावर कोल्हापूर शहर व जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रलेखकांची व त्यांच्या शाळांची नावे छापलेली नाहीत आणि पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा पन्हाळा तालुक्यात आहे. यंदा शिष्यवृत्ती परीक्षेला 21 मुले बसली. त्यांपैकी 4 शिष्यवृत्तीधारक ठरली आणि 11 पात्र ठरली. गावकऱ्यांना मोठा सत्कार करायचा आहे. चौघांची छायाचित्रे व गुण असलेला फ्लेक्स एस.टी. थांब्यावर लावण्याचेही ठरत आहे. मागच्या वर्षीच्या कार्यक्रमात मुले सकाळी दहापासून मंडपात बसली होती आणि प्रशस्तिपत्रे हातात पडेपर्यंत दुपारचा एक वाजून गेला होता. या वेळी कार्यक्रम कसा आखावा? मुलांना शाल द्यावी का?
— मुख्याध्यापिका, पन्हाळा तालुका

उत्तर : सर्वप्रथम आपले व आपल्या सहकाऱ्यांचे अभिनंदन. शिष्यवृत्ती परीक्षेत प्रत्येकी 150 गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात आणि पात्र ठरण्यासाठी प्रत्येकीत किमान 40 टक्के गुण मिळवावे लागतात. शिष्यवृत्तीधारकांची संख्या मात्र मंजूर शिष्यवृत्त्यांपुरतीच मर्यादित असते, त्यामुळे चार-दोन गुणांनी हुकलेले मूल ‘पात्र’ या रकान्यात जाते आणि गावाच्या दृष्टीने त्याने काहीच केले नाही असा समज होतो. तेव्हा आपल्या शाळेत 15 मुलांनी परीक्षेचा निकष पार केला आहे आणि 21 मुलांनी वर्षभर जादा तासांना बसून अभ्यास केला आहे, हेच कार्यक्रमाचे पहिले वाक्य असावे. सत्कार चौघांचा आणि टाळ्यांसाठी सतरा जण, अशी मांडणी माझ्या मते शाळेला शोभणारी नाही.

मागच्या वर्षीच्या कार्यक्रमाची पत्रिका आपण सोबत जोडली आहे. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, पाहुण्यांचा सत्कार, व्यासपीठावरील अन्य मान्यवरांचा सत्कार, चार मनोगते आणि त्यानंतर ‘गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार’. मुलांची पाळी येते तेव्हा काय होते, हे मी अनेक मंडपांत पाहिले आहे. निवेदक घाईघाईने नाव वाचतो, मूल चप्पल काढावी की नाही या संभ्रमात पायरी चढते, पाहुणे प्रशस्तिपत्र पुढे करतात, छायाचित्रकार ‘इकडे बघ’ म्हणतो, सगळे कॅमेऱ्याकडे बघतात आणि त्या गडबडीत पाहुणे व मूल यांची नजरानजरही होत नाही. या सगळ्याला फार तर वीस सेकंद लागतात. सत्काराचा हा भाग दीपप्रज्वलनानंतर लगेच घ्या. भाषणे नंतर होऊ द्या. मुलांचे कौतुक आधी झाले म्हणून रागावणारे पाहुणे क्वचितच भेटतात, आणि भेटलेच तर पुढच्या वर्षी त्यांना बोलावण्याची निकड उरत नाही.

प्रत्येक मुलासाठी वर्गशिक्षकांनी एक वाक्य आधीच लिहून ठेवावे आणि नावासोबत ते वाचावे. ‘गुणवंत’, ‘होतकरू’, ‘शाळेचे नाव उज्ज्वल करणारा’ ही विशेषणे सर्वांना सारखीच लागू पडतात, म्हणून ती टाळावीत. ‘बुद्धिमत्ता चाचणीतील आकृत्यांचे प्रश्न दुपारच्या सुट्टीत फळ्यावर काढून इतरांना समजावून देणारी’, ‘पहिल्या सराव चाचणीत गणितात नापास झाल्यावर रोज एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवणारा’, ‘आई-वडील ऊसतोडीला गेले असताना आजीकडे राहून एकही जादा तास न चुकवणारी’, अशी वाक्ये त्या मुलाला पुढे कितीतरी वर्षे आठवतात. 21 मुलांसाठी प्रत्येकी अर्धा मिनिट धरला तरी सुमारे अकरा मिनिटे लागतात. एका मनोगताला याहून अधिक वेळ जातो.

आपल्या भागात यशामागच्या माणसांचे नाव घेण्याची मोठी परंपरा आहे. 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यांच्या प्रवासखर्चासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले, ही गोष्टही कोल्हापुरात तितक्याच अभिमानाने सांगितली जाते. तुमच्या गावातही सुट्टीच्या दिवशी वर्ग उघडून देणारे सेवक असतील, जादा तासानंतर वाडीवरच्या मुलींना घरापर्यंत सोडणारी एखादी ताई असेल. त्यांना व्यासपीठावर बोलावण्यासाठी वेगळा ठराव करण्याची गरज नाही.

आता फ्लेक्सबद्दल. गावाचा आनंद मोडू नये हे मान्य आहे, परंतु मुलाचे छायाचित्र, नाव, शाळा आणि गुण एकत्रितपणे रस्त्यावर लावण्यापूर्वी पालकांची लेखी संमती अवश्य घ्यावी. तोच फ्लेक्स पुढे मोबाईलवरून फिरतो. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, 2023 नुसार 18 वर्षांखालील व्यक्ती ‘बालक’ ठरते आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती अपेक्षित आहे. फ्लेक्सवर इच्छुकांचे व शुभेच्छुकांचे चेहरे मुलांपेक्षा मोठे छापण्याची जी रीत पडली आहे, तिच्याविषयी मी अधिक लिहीत नाही. सर्व 21 मुलांचा शाळेच्या पायऱ्यांवर काढलेला एकच समूह-फोटो आणि खाली शाळेचे नाव, गुण नाहीत, असा फ्लेक्स लावावा असे मी सुचवीन.

शालीबाबत आपण विचारले आहे. एवढ्याशा मुलाच्या खांद्यावरून शाल घसरते आणि घरी ती पाहुण्यांसाठी कपाटात जाते. फेटा मात्र बांधा. कोल्हापूरच्या मुलांना फेट्याची हौस असते आणि तो बांधून घेताना रांगेत जी मजा चालते, तीही समारंभाचाच भाग आहे.

प्रश्न : माझ्या मुलीला दहावीला 74 टक्के गुण मिळाले. ती शाळेच्या खो-खो संघात आहे आणि तिने इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षाही दिली आहे. आमच्या भागातील मंडळाने 90 टक्क्यांच्या वरच्या मुलांचाच सत्कार ठेवला. शाळेच्या कार्यक्रमातही पहिले तीन क्रमांकच बोलावले. तिने काही म्हटले नाही, पण त्या दिवशी ती मैत्रिणीकडे निघून गेली. मी मंडळाकडे तक्रार करावी का?
— एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, तक्रार करू नये, सूचना करावी, आणि तीही पुढच्या वर्षाच्या वर्गणीच्या बैठकीपूर्वी लेखी द्यावी. मंडळ स्वतःच्या पैशातून सत्कार करते, त्याचा निकष ठरवण्याचा अधिकार त्याला आहे. पण बहुतेक मंडळे 90 टक्क्यांची रेषा विचारपूर्वक आखत नाहीत, कोणाला बोलवावे हे ठरवायला ती सोयीची पडते एवढेच. ज्या कोल्हापुरात तालमीच्या आणि पेठेच्या फुटबॉल संघासाठी अख्खी गल्ली मैदानावर लोटते, तेथील मंडळाला खेळाडूंचा व चित्रकारांचा सत्कार सुचवणे अवघड जाऊ नये.

शाळेचे मात्र तसे नाही. राज्य मंडळाने दहावी-बारावीची गुणवत्ता यादी जाहीर करणे केव्हाच थांबवले. असे असताना शाळांनी आपल्या पातळीवर तीच यादी पुन्हा उभी करावी, याचे मला आश्चर्य वाटते. उलट राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेतच कलेला व खेळाला स्थान आहे : इंटरमिजिएट ड्रॉइंग ग्रेड परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळाल्यास 7, ‘ब’ श्रेणीस 5 आणि ‘क’ श्रेणीस 3 अतिरिक्त गुण दिले जातात, आणि शासनाच्या नियमांत बसणाऱ्या क्रीडा कामगिरीलाही सवलतीचे गुण आहेत. जे शासन गुणपत्रिकेत मोजते, ते शाळेने समारंभात मोजू नये याला कारण दिसत नाही. पालक-शिक्षक संघाच्या पुढील बैठकीत आपण हा मुद्दा याच शब्दांत मांडावा. खेळ, चित्रकला, विज्ञान प्रदर्शन आणि मागील वर्षापेक्षा लक्षणीय प्रगती अशा गटांचा आग्रह धरावा. शेवटच्या गटाचा विशेष आग्रह धरा, कारण पन्नासवरून अडुसष्टवर गेलेल्या मुलाला सध्याच्या कोणत्याही यादीत जागा नाही.

मुलीबाबत एक सांगावेसे वाटते. ती मैत्रिणीकडे निघून गेली यावरून तिला वाईट वाटले हे उघड आहे. तिची समजूत काढताना ‘टक्क्यांना काय महत्त्व’ असे म्हणू नका, कारण अकरावीच्या प्रवेशाला टक्के लागतात हे तिला माहीत आहे. खो-खोच्या सरावाचे तास आणि अभ्यास यांची सांगड तिने कशी घातली, हे तिच्याकडूनच नीट ऐकून घ्या. क्रीडाशिक्षकांना घरी चहाला बोलावता आले तर पाहा.

प्रश्न : आमच्या शाळेत या वर्षीचे कार्यक्रमपत्रक तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. दरवर्षी स्नेहसंमेलन, क्रीडा महोत्सव, पालक मेळावा आणि बक्षीस वितरण सगळे जानेवारीत एकमेकांवर आदळते. दिवस कसे वाटून घ्यावेत?
— सहायक शिक्षक, शिरोळ तालुका

उत्तर : आपल्या तालुक्यात कार्यक्रमपत्रक नदी आणि ऊस या दोघांना विचारूनच करावे लागते. 2019 आणि 2021 चे महापूर शिरोळकरांना सांगायला नकोत. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत या आकड्यांकडे सर्वांचे लक्ष असते आणि अनेकदा शाळेची इमारतच निवारा केंद्र होते. म्हणून या दीड महिन्यात मैदानावरचा किंवा बाहेरचे पाहुणे येणारा कोणताही कार्यक्रम ठेवू नये. स्वातंत्र्यदिनाचे ध्वजारोहण अर्थातच होईल, परंतु त्याला जोडून होणारे बक्षीस वितरण सभागृहात किंवा वर्गातच घ्यावे, आणि प्रशस्तिपत्रे व दस्तऐवज वरच्या मजल्यावर ठेवावेत.

वर्षाचा पहिला कार्यक्रम म्हणून 26 जूनला पर्याय नाही. राजर्षी शाहू महाराजांची जयंती राज्यभर सामाजिक न्याय दिन म्हणून साजरी होते, आणि शाळेपुरते बोलायचे तर 1917 मध्ये संस्थानात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करणाऱ्या राजाची ती जयंती आहे. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंडाची तरतूद त्या वेळी होती. या दिवशी चार भाषणे ठेवण्याऐवजी गेल्या वर्षी हजेरीत सातत्य राखलेल्या, तसेच मधेच शाळा सुटून पुन्हा आलेल्या मुलांचा गौरव करावा. जयंतीशी तो इतका जुळतो की निवेदकाला वेगळे काही सांगावे लागणार नाही. शक्य असल्यास पुढे एखाद्या कोरड्या दिवशी मुलांना कसबा बावड्यातील लक्ष्मी विलास पॅलेस हे महाराजांचे जन्मस्थळ दाखवून आणावे.

ऑगस्टपासून तालुका पातळीवरील शालेय क्रीडा स्पर्धा सुरू होतात आणि विजेते संघ जिल्हा, विभाग व राज्य पातळीवर जातात. या खेळाडूंचा सत्कार जानेवारीपर्यंत लांबवू नये. संघ जिंकून आला की दुसऱ्या दिवशीच्या परिपाठात पाच मिनिटे त्यांना द्यावीत. बदली खेळाडूंसह सर्व बारा-पंधरा जण पुढे उभे राहावेत आणि सामना कसा झाला हे कर्णधाराने स्वतः सांगावे. याला हार लागत नाही की मंडप लागत नाही, आणि खालच्या वर्गातील मुले तोंड उघडे टाकून ऐकतात. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकल्यापासून खेड्यातील मुलांना ऑलिंपिक फार लांबचे वाटत नाही. त्या भावनेचा उपयोग शाळेने सप्टेंबरातच करून घ्यावा.

दसरा-दिवाळी आटोपल्यावर साखर कारखान्यांचा हंगाम भरात येतो. संध्याकाळच्या वेळी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते आणि मागचे दिवे नसलेल्या ट्रॉलीमागून दुचाकीवर मुलांना घरी नेणे धोक्याचे आहे. त्यामुळे स्नेहसंमेलन डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, दोन दुपारी विभागून घ्यावे आणि अंधारापूर्वी संपवावे. एका रात्रीत सगळे उरकण्याचा हट्ट धरला की शेवटच्या नृत्याच्या वेळी बालवाडीची मुले आईच्या मांडीवर झोपलेली असतात आणि ध्वनिक्षेपकाला दहाची मर्यादा गाठायची म्हणून नाटिकेचा शेवट कापला जातो. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिक्षेपकावर बंदी आहे, हे नियम 2000 सालचे आहेत. तरीही दरवर्षी साडेनऊला त्यांची नव्याने आठवण होते.

3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती आणि 26 जानेवारी एवढेच जानेवारीत ठेवावे. दहावीच्या सराव परीक्षा त्याच महिन्यात असतात आणि त्या मुलांना नृत्याच्या तालमीला बसवणे योग्य नाही. 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि 28 फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन वर्गाच्या पातळीवर, खालच्या इयत्तांसह साजरे करता येतात.

पालकांना जाणाऱ्या सूचनापत्राविषयी एक विनंती. आमच्याकडे आलेल्या नमुन्यांत पाहुण्यांची पदे तीन ओळी आणि कार्यक्रम संपण्याची वेळ मात्र कुठेच नाही. तारीख, सुरू होण्याची व संपण्याची वेळ, मुलाने काय घालून यावे, डबा आणावा का आणि परत नेण्यासाठी कोणी कोठे थांबावे, एवढे ठळक अक्षरांत असावे. पाहुण्यांची पदे त्याखाली आली तरी चालतील.

प्रश्न : नातवाच्या शाळेने सामूहिक नृत्याच्या पोशाखासाठी 700 रुपये मागितले आहेत. दोन नातवंडे म्हणजे 1,400 रुपये झाले. पैसे न दिल्यास मुलाला नृत्यातून वगळतील अशी भीती वाटते. काय करावे?
— एक आजोबा, गडहिंग्लज

उत्तर : आजोबा, मुख्याध्यापकांना भेटून आपली अडचण सांगावी, बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर भागते. न भागल्यास शाळा व्यवस्थापन समितीकडे जावे. शिक्षण हक्क अधिनियम, 2009 नुसार शासकीय व अनुदानित शाळांतील या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात, त्यामुळे आपले म्हणणे तेथे समजून घेतले जाईल. भाड्याचे चमकदार पोशाख हवेतच कशाला, हा प्रश्नही समितीत निघावा. घरातले धोतर, नऊवारी, पांढरा सदरा आणि शाळेने घेतलेले फेट्याचे कापड एवढ्यात लेझीमचे पथक उत्तम दिसते.

प्रश्न : मी नववीत आहे. यंदा गुणगौरव समारंभाचे सूत्रसंचालन मला दिले आहे. ताईंनी मागच्या वर्षीची वही दिली, तिच्यात प्रत्येक नावाआधी एक चारोळी आहे. मला ते आवडत नाही, पण चारोळ्या नसतील तर कार्यक्रम कोरडा होईल असे सगळे म्हणतात.
— एक विद्यार्थिनी, कागल तालुका

उत्तर : तुला जे वाटते ते बरोबर आहे. ‘यशाच्या शिखरावर’, ‘जिद्दीच्या पंखांनी’ अशा ओळी कोणत्याही नावाआधी चालतात, म्हणूनच त्या ऐकून कोणाला काही कळत नाही. चारोळीच्या जागी त्या मुलाने काय केले ते सांग. विज्ञानातील नव्या कल्पनांसाठी असलेल्या इन्स्पायर पुरस्कारासाठी निवड झालेल्या मुलाने कोणती वस्तू बनवली आणि ती कशी चालते, हे तुला दोन वाक्यांत सांगता आले तर मागच्या रांगेतले लोकही मान वर करतील. एन.एम.एम.एस. (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील आठवीच्या मुलांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती) परीक्षेत निवड झालेल्या मुलीला नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळणार आहेत, हे सांगितलेस तर पुढच्या वर्षी आठवीला जाणारी मुले आपोआप चौकशी करतील. ही माहिती वर्गशिक्षकांकडून आठवडाभर आधी मागून घे, आदल्या दिवशी ती मिळत नाही.

सुरुवातीला एखादी कविता घ्यायची असेल तर एकच घे आणि ती तुला स्वतःला आवडणारी असावी. पाहुण्यांची ओळख चार वाक्यांत संपव. त्यांनी पाठवलेला कागद दोन पानांचा असेल तर त्यातले काय ठेवायचे हे ताईंना विचारून ठरव, म्हणजे नंतर तुला कोणी बोलणार नाही. पाहुणे उशिरा येणार असे कळले तर ‘थोड्याच वेळात’ असे पाच वेळा म्हणू नकोस. तेवढ्या वेळात जिंकलेल्या संघातल्या कोणाला तरी माईकवर बोलावून सामन्याविषयी विचार.

सगळ्यांत जास्त तयारी नावांची कर. आडनावे, वडिलांची नावे आणि गावांची नावे यादीत अनेकदा चुकीची टंकलेली असतात. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी प्रत्येक मुलाकडे यादी घेऊन जा आणि त्याचे नाव त्याच्याच तोंडून ऐक. आई-वडिलांपैकी कोणाचे नाव घेतलेले आवडेल की दोघांचे, हेही विचार; काही घरांत या प्रश्नाचे उत्तर सोपे नसते आणि ते तुला व्यासपीठावर कळून उपयोगाचे नाही. एवढे करूनही एखादे नाव चुकलेच, तर पुढच्या नावाकडे वळू नकोस. त्या मुलाला थांबव, नाव पुन्हा नीट उच्चार आणि टाळ्या दुसऱ्यांदा वाजू दे.